वनस्पतींची जीवाणुरोधी चाचणी

वनस्पतींची जीवाणुरोधी चाचणी : पारंपरिक औषधोपचारातील वनस्पतींच्या अर्काने जीवाणूंची वाढ थांबते किंवा ते मरतात काय, हे प्रयोगशाळेत ठरविण्याची पद्धत. तिच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास टर्पेंटाइन तेलाचा सांसर्गिक काळपुळीच्या बीजाणूंवरील परिणाम तपासला, म्हणून काही लेखक तेथपासून सुरुवात धरतात. तथापि तो जंतुनाशकांच्या अभ्यासाचा भाग होता. पद्धतशीर चाळणी पेनिसिलिनच्या काळातील मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ऑक्सफर्ड येथे ऑझ्बर्न यांनी १९४३ मध्ये सुमारे २,३०० वनस्पतींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले व पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅव्हालिटो आणि बेली यांनी लसणातील ॲलिसिन वेगळे केले. भारतात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात अशी व्यापक चाळणी हाती घेतली.

सर्वाधिक प्रचारात असलेल्या विसरण पद्धतीत बशीतील सु. ४ मिमी. जाडीच्या आगरावर (जीवाणू वाढविण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) जीवाणू सारखे पसरून त्यावर अर्कात भिजविलेल्या ६ मिमी. व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी ३५° से. तापमानाला १६ ते १८ तास उबवितात. चकतीभोवती वाढ न झालेले स्वच्छ वलय दिसले, तर अर्क क्रियाशील समजतात. मात्र वलयाचा व्यास द्रव्य आगरात किती सहज पसरते यावरही अवलंबून असल्याने, पाण्यात न विरघळणाऱ्या तैलद्रव्याचे वलय ते द्रव्य प्रभावी असूनही लहान पडते. दोन अर्कांची तुलना वलयांवरून करणे म्हणूनच सदोष होय. तरीही असंख्य लेख मिलिमीटरचे आकडे देऊन थांबतात. अर्क द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने विरल करून वाढ रोखणारी किमान संहती (द्रावातील अर्काचे प्रमाण) काढणे अधिक ग्राह्य आहे. ती १,००० मायक्रोग्रॅम/मिलि. पेक्षा अधिक असेल, तर क्रियाशीलतेचा दावा करू नये, हे रिओस व रेसिओ यांचे मत (२००५) रास्त वाटते. अर्क ज्यात विरघळविला त्या द्रावकाचाच परिणाम अर्काचा समजला जाऊ नये म्हणून द्रावकाची निराळी चाचणी आवश्यक असते. टॅनिने प्रथिनांशी सरसकट बद्ध होत असल्यामुळे टॅनिनयुक्त सालींच्या अर्काची क्रियाशीलता फसवी असू शकते.

ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे (ग्रॅम रंजनपद्धतीने ओळखला जाणारा, पेशीभोवती जादा बाह्य पटल असलेला गट) बाह्य पटल अनेक वनस्पतिज द्रव्यांना अडविते; बहुतेक अर्क असे पटल नसलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर चालतात आणि ते असलेल्या एश्चेरिकिया कोलायवर निष्प्रभ ठरतात, ते यामुळेच. दारुहळदीच्या वंशातील (बर्बेरिस) बर्बेरीन शुद्ध स्वरूपात बेताचेच प्रभावी असते, कारण स्टॅफिलोकॉकस ते पेशीबाहेर फेकतो. याच वंशातील काही जातींत ही उत्सर्जनक्रिया रोखणारे दुसरे द्रव्यही असल्याचे २००० मध्ये दाखविण्यात आले. एकेक घटक सुटा करून तपासण्याच्या रीतीवरील हा महत्त्वाचा आक्षेप आहे.

वैद्य पाण्यातील काढा देतात, तर प्रयोगशाळा बहुधा मिथेनॉलचा अर्क घेते. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष पारंपरिक वापराला जसाच्या तसा लागू होत नाही. वनस्पतीची ओळखही निश्चित हवी : शंखपुष्पी या नावाने विष्णुक्रांता व गोकर्ण यांसह निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, म्हणून तपासलेल्या वनस्पतीचा वाळविलेला नमुना मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक अहवालात देतात.