वाकळीतला निवेदक

लेण्यांवर, दुष्काळावर, कापसाच्या बोंडअळीवर व्हिडिओ करणारी कितीतरी मुलं-मुली आज मराठवाड्यात आहेत. ड्रोनने टिपलेली त्यांची दृश्यं देखणी असतात, पण निवेदन सुरू झालं की काहीतरी बिनसतं. उच्चार स्वच्छ असतात, मजकूरही नेटका असतो, तरी आवाज चित्रावर बसत नाही. शेजारच्या खोलीतून कुणीतरी बोलतंय असं वाटत राहतं. जाणती मंडळी यावर एक उपाय हमखास सांगतात: डोक्यावरून वाकळ घे आणि मग बोल. एप्रिल-मे महिन्यात, पंखा बंद करून, हा सल्ला पाळणं म्हणजे शिक्षाच. पण त्यामागे पक्कं ध्वनिशास्त्र आहे.

कुणाचाही आवाज आपल्यापर्यंत दोन प्रकारे येतो. एक थेट तोंडातून, दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे आपटून आलेला आवाज थोडा मागे पडतो. हा उशीर तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत असला तर मेंदू दोन्ही एकत्र करून टाकतो आणि आपल्याला एकच आवाज ऐकू येतो. त्याहून फार उशिरा आलेला प्रतिध्वनी वेगळा कळतो. पण एकत्र केले म्हणून मेंदू ते विसरत नाही. थेट आवाज किती आणि भिंतींवरून आलेला किती, या प्रमाणावरून तो बोलणारा किती लांब आहे आणि खोली केवढी आहे याचा अंदाज बांधतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात हे छान अनुभवता येतं. विश्वकर्मा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चैत्यगृहाचं छत कमानदार आहे आणि त्यावर लाकडी वाशांसारख्या दगडी पट्ट्या कोरलेल्या आहेत. समोरची दगडी भिंत तेरा मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सुमारे ७६ मिलिसेकंद लागतात. मग तो पुन्हा छताकडे, पुन्हा खांबांकडे जातो. तिथे उभा राहून बोलणारा सूत्रधार कॅमेऱ्यात दिसत असेल तर त्याचा घुमणारा आवाज अजिबात खटकत नाही, कारण डोळ्यांनाही लेणंच दिसतं. तोच आवाज उचलून कपाशीच्या शेतावर ठेवला की मेंदू गोंधळतो. उघड्या रानात हे घुमणं आलं कुठून?

म्हणून निवेदकाच्या आवाजात कोणतीच खोली असून चालत नाही. ध्वनिमुद्रण करणारे अशा आवाजाला ‘ड्राय’ म्हणतात. हा कोरडा आवाज तुमच्या टीव्हीतून किंवा रेडिओतून बाहेर पडतो तेव्हा तुमच्याच भिंतींवर आपटतो. त्याची स्वतःची खोली नसल्यामुळे तो तुमची खोली घेतो. निवेदक पडद्यातल्या जगात नसतो, तो तुमच्या घरात येऊन बसलेला असतो. त्याच्या शब्दावर आपण इतक्या सहज विश्वास टाकतो, त्याचं निदान अर्धं श्रेय तरी मी या भौतिकशास्त्राला देईन. मिशेल शियाँ या फ्रेंच सिनेअभ्यासकानेही पडद्यावर ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणाऱ्या आवाजाच्या दोन खुणा सांगितल्या आहेत: मायक्रोफोनशी जवळीक आणि घुमाऱ्याचा अभाव.

आपल्याकडे चित्रावर बोलण्याची परंपरा सिनेमाच्या शेकडो वर्षं आधीची. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. चित्रकथींची पोथीचित्रं तर पैठणच्याच नावाने ओळखली जातात. पण तो चित्रकथी आणि त्याचे श्रोते एकाच देवळात, एकाच ओसरीवर असत. दोघांची खोली एकच होती, त्यामुळे वाकळीची गरज नव्हती.

आता वाकळीकडे येऊ. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या व्याख्यानगृहात शब्दच कळेनात. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून व्याख्यानगृहात मांडायला सुरुवात केली. ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं आणि सकाळी सगळ्या गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या. यातून त्याने नियम काढला: खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका घुमारा लांबतो आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका तो कमी होतो. शोषण मोजायला त्याने उघडी खिडकी हे माप घेतलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. सभागृहांचं ध्वनिशास्त्र अशा रीतीने गाद्या वाहून जन्माला आलं, ही गोष्ट मला फार आवडते.

गादी किंवा वाकळ आवाज शोषते म्हणजे तिच्या धाग्यांमधल्या फटीत हवेचे कण घासले जातात आणि ध्वनीची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. पण जाडीला इथे फार महत्त्व आहे. ‘स’चा सळसळाट पाच हजार हर्ट्झच्या आसपासचा, त्याची तरंगलांबी जेमतेम सात सेंटिमीटर, तो वाकळीत सहज विरतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झचा. शंभर हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि तिला भिंतीला चिकटलेली वाकळ जाणवतही नाही. मग वरचे स्वर नाहीसे होतात, खालचे राहतात आणि आवाज कोंदट होतो. वाकळ भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर बराच फरक पडतो. याबाबतीत सगळ्यात भाग्यवान तो, ज्याच्या घरात भाव वाढेल या आशेने कापूस छतापर्यंत रचलेला आहे. हात-दोन हात जाडीचा कापूस खालचे स्वरही शोषतो. अंगाला खाज सुटेल ती वेगळी.

शोषणं आणि अडवणं यात मात्र लोक नेहमी गल्लत करतात. वाकळीने खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा ट्रॅक्टर जात नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने घटतो. म्हणून जुन्या माळवदाच्या घरातली हात-दीड हात जाडीची मातीची भिंत उत्तम आणि पत्र्याची खोली सर्वात वाईट. पत्रा आवाज अडवतही नाही, शोषतही नाही, वर स्वतः वाजतो.

मायक्रोफोनचंही एक गुपित आहे. समोरचंच ऐकणाऱ्या, एकदिश मायक्रोफोनच्या फार जवळ गेलं की खालचे स्वर आपोआप वाढतात आणि साध्या गळ्यालाही भारदस्तपणा येतो. हा मायक्रोफोन आपल्या आतल्या पातळ पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबातला फरक मोजतो. अगदी जवळून बोलल्यावर तो फरक खालच्या स्वरांत विशेष वाढतो. मोबाइलचा मायक्रोफोन बहुधा सर्वदिश, म्हणजे सगळ्या बाजूंचं ऐकणारा असतो. त्याला तोंड चिकटवून बोललं तर भारदस्तपणा येत नाही, येतात ते फक्त हवेचे फटके. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि तो पडद्यावर आदळतो. ‘आकाशवाणी परभणी’ एवढं म्हणताना असे दोन झोत येतात. तोंडासमोर न धरता मायक्रोफोन जरा तिरका धरला की झोत बाजूने निघून जातो.

निवेदनाचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे त्याला ओठ नसतात. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांवर ‘बा’ हा आवाज लावला तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतं. ओठ दिसले की कान डोळ्यांच्या आहारी जातात. निवेदकाचे ओठ दिसतच नाहीत, म्हणून भाषा बदलायला अडथळा नाही. त्याच सुमारास, १९७५-७६ मध्ये, ‘साइट’ या उपग्रहावरून शिक्षण देण्याच्या प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. त्या प्रक्षेपणात एका चित्राबरोबर दोन आवाजांच्या वाहिन्या होत्या, त्यामुळे एकाच चित्रावर कानडी आणि तेलुगू चालू शकत. मराठवाड्याच्या शेजारच्या कर्नाटकातली आणि तेव्हाच्या आंध्रातली गावं त्यात होती, महाराष्ट्र नव्हता.

आवाज कोरडा ठेवण्याचं शेवटचं कारण संपादनाच्या टेबलावर कळतं. कोरड्या आवाजाला खोली नंतर देता येते. हव्या त्या वास्तूत फुगा फोडून त्याचा घुमारा टिपायचा आणि संगणकाने तो आवाजावर चढवायचा. उलट, एकदा मुरलेला घुमारा काढणं आजही कठीण आहे. नवी सॉफ्टवेअरं तो बऱ्यापैकी पुसतात, पण शब्दांच्या कडा खरवडल्या जातात. कोरड्या आवाजाला अशी नंतर खोली देण्याचा एक नजाकतीचा उपयोग सिनेमात होतो. सुरुवातीला कोरडा ऐकू येणारा निवेदक पुढे चौकातल्या पारावर किंवा देवळाच्या सभामंडपात बसून गोष्ट सांगताना दिसतो, आणि त्या कटवर त्याच्या आवाजात तिथला घुमारा मिसळला जातो. प्रेक्षकाला काही कळत नाही. ध्वनिसंयोजकाची मात्र घुमारा कमी-जास्त करणारी सरकपट्टी, म्हणजे फेडर, नेमक्या किती फ्रेममध्ये सरकवायचा यात अख्खी दुपार जाते.