वरून टणक, आतून पातळ: राखेच्या तळ्याची गोष्ट

पॉवर प्लांटची राख मायक्रोस्कोपखाली बघितली की काचेचे गोल गुळगुळीत मणी दिसतात, खरंच. भट्टीच्या उष्णतेत कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर जाताजाता तिचे थेंब हवेतच गोठतात, हीच ती फ्लाय अ‍ॅश. काही मणी आतून पोकळ असतात, तळ्यावर फिकट साय धरल्यासारखी दिसते ती त्यांची.

बऱ्याच ठिकाणी ही राख पाण्यात कालवून पाइपने तळ्यात सोडतात, ती खाली बसते, तळं भरत आलं की बांध वाढवतात. आणि हा नवा बांध कितीदा तरी आतल्या बाजूला, जुन्या राखेवरच रचलेला असतो, म्हणजे जिला अडवायचं तिच्याच डोक्यावर भिंत! वरची राख वाळून टणक वाटते, पण एवढ्या बारीक मण्यांमधून पाणी निघता निघत नाही. मणी एकमेकांना टेकून वजन पेलत असतात, ते टेकणं सरकलं की सगळा भार पाण्यावर येतो आणि घट्ट दिसणारा ढीग क्षणात पातळ होऊन धावत सुटतो.

अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ ला, मध्यरात्र उलटल्यावर, असाच बांध फुटला. साधारण ४१ लाख घनमीटर राख बाहेर आली, ३०० एकर झाकले गेले, एक घर तर पायावरून सरकलं. चौकशीत तळाशी बुळबुळीत गाळाचा थर सापडला. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मात्र बांध शाबूत होता, तळ्याखालून गेलेला पावसाच्या पाण्याचा जुना पाइप फुटला आणि हजारो टन राख डॅन नदीत गेली. आपल्याकडे सिंगरौलीजवळ सासनला एप्रिल २०२० मध्ये बांध फुटून ६ जण गेले.

फुटणं निदान दिसतं तरी. आर्सेनिक, सेलेनियम, शिसं कोळशात थोडंथोडंच असतं, पण कार्बन जळून गेला की उरलेल्या राखेत ते दाटतं, आणि तळाला अस्तर नसेल तर झिरपत भूजलात जातं, त्याची बातमी होत नाही.

राख कोरडीच गोळा केली तर सिमेंटमध्ये चालते, उलट गोल मण्यांमुळे काँक्रीट छान पसरतं. प्रश्न जुन्या तळ्यांचा आहे, ती रिकामी करतानाही पाणी बेताबेतानेच उतरवावं लागतं, कारण पातळी झपकन खाली नेली की आतला उतार ओलाचिंब तसाच राहतो आणि बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं, मग तोच घसरतो.