सुपापर्यंत पोचायला कायद्याला लागलेली वर्षं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात दुपारी शिरा, उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. या बाईशी कारखान्यातला माणूस वाईट वागला, तर तिला कायद्यानं दाद मागता येते का? आज येते. पण त्याआधी दोन प्रश्न सुटावे लागले: ती कामगार आहे का, आणि ती जिथे जाते-बसते ती कामाची जागा आहे का? सोलापुरातल्या हक्कांचा इतिहास बराचसा या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

सुरुवात गिरणीपासून करू. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापुरातली कापडगिरणी उभी राहिली ती 1870च्या दशकात. गिरणीत कामाला लावणारा आणि कामावरून काढणारा माणूस म्हणजे जॉबर. मालकाचं तोंड वर्षानुवर्षं न पाहिलेले कामगार जॉबरची मर्जी मात्र रोज सांभाळत. नोकरीसाठी जॉबरला पैसे चारावे लागतात, हे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगानेही 1931च्या अहवालात नोंदवलं, आणि नेमणुकीचे व काढून टाकण्याचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्या अशी शिफारस केली. तोवर तक्रार करायची झाली तर ती ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच मार्फत!

भेदभावाचं सगळ्यात उघड रूप शहरात तारेच्या कुंपणाआड होतं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जातीजमातींवर जन्मतःच शिक्का मारला गेला, त्यांना सोलापुरातल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या वसाहतीत, ठेवलं गेलं आणि तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात. हजेरी गिरणीतही आणि सेटलमेंटमध्येही. असा कामगार पगारावरून भांडणार कसा? काम सोडायचं स्वातंत्र्यच नसेल तर कामाच्या ठिकाणचे हक्क ही भाषाच पोकळ ठरते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र शहराच्या बोलण्यात अजून आहे.

बायकांसाठी पहिली ठोस गोष्ट आली ती बाळंतपणाची. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि 1929मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. तो गिरणीतल्या बाईसाठी होता. घरी विड्या वळणारी त्यात बसत नव्हती.

विडीचा किस्सा जरा सविस्तर सांगायला हवा. कारखाना कायदा 1948चा. त्यात ‘कामगार’ कोण याची व्याख्या आहे, आणि तिथेच विडीवाले अडकले. सिन्नरच्या एका विडी कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला विडी वळणारा मनाला येईल तेव्हा येई-जाई, किती विड्या वळायच्या हे त्याचं तो ठरवी. म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असं 1961 साली बहुमताने ठरलं. एका न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं, पण निकाल तो निकाल. कारखान्यात येऊन बसणाऱ्याची ही गत, तर घरी पानं नेणारीची काय असेल!

म्हणून 1966चा विडी व सिगार कामगार कायदा महत्त्वाचा. त्याने ठेकेदारामार्फत काम करणारी आणि घरी विड्या वळणारी, दोघींना कर्मचारी मानलं. प्रसूती लाभ त्यांनाही लागू केला. ‘छाट’ म्हणजे नापास ठरवून काढलेल्या विड्या. त्या किती काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची की नाही, यावरचा वाद सोडवायची तरतूदही त्यात होती. छाट ही बारीक गोष्ट वाटते, पण माझ्या मते बाईच्या नाड्या तिथेच आवळल्या जातात. ज्याच्या हातात छाट, त्याला ती उलट बोलत नाही. मालकांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

पुढचे कायदे पटापट आले. समान वेतनाचा अध्यादेश 1975चा, कायदा 1976चा. महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा 1971चा; सूडबुद्धीने काढून टाकणं आणि कामगारांत पक्षपात करणं, या दोन्हींवर त्यात बोट ठेवलं आहे.

पण लैंगिक छळ यातल्या कशातच नावानिशी नव्हता. तो शब्द आला राजस्थानातून. भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करत. बालविवाह थांबवायला गेल्याचा सूड म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे अख्खं गाव. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 13 ऑगस्ट 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल लागला आणि 2013 साली त्यासाठी कायदा झाला. कामाच्या जागेत त्याने घरही धरलं आणि कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा, प्रवाससुद्धा. ठेकेदाराने ठेवलेली बाईही त्यात आली.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. सोलापुरात चादर-टॉवेलचे कितीतरी यंत्रमाग कारखाने त्या आकड्याच्या आत बसतात. तिथल्या बाईसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हाही, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. जात-धर्मावरून खासगी मालकाने डावललं, तर मात्र यासारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे आजही नाही. राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. 1966चा विडी कायदा आणि समान वेतनाचा कायदा त्यांच्यात विरघळले. 2013चा कायदा स्वतंत्र राहिला आहे. त्यानुसार तक्रार लेखी लागते, आणि जिला लिहिता येत नाही तिला समितीने मदत करायची असते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बोलणं तेलुगूत चालतं, त्यामुळे ही मदत तेलुगू समजणाऱ्या माणसाकडून व्हायला हवी.