पशुखाद्य सुरक्षेचे जोखीमआधारित नियमन

गुरे, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्यातून जनावराला, तसेच दूध, अंडी व मांसावाटे माणसाला अपाय होऊ नये यासाठी वापरली जाणारी नियमनाची पद्धत. सगळ्या कारखान्यांची सारखीच तपासणी करण्याऐवजी कोणता कच्चा माल, कोणती प्रक्रिया आणि कोणते जनावर एकत्र आले की घात होतो हे या पद्धतीत आधी ठरवतात आणि तपासणीचा जोर तिथे लावतात. धोके ओळखणे, ते आवरणे व त्यांच्या नोंदी ठेवणे ही पहिली जबाबदारी उत्पादकाची. ती व्यवस्था खरोखर चालते का, हे सरकारी यंत्रणा पाहते.

तयार पोत्याची तपासणी अपुरी का पडते, हे अफ्लाटॉक्सिनवरून चांगले कळते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवरच्या बुरशीने तयार केलेले विष तेच हे अफ्लाटॉक्सिन. ते मालात सारखे पसरलेले नसते. ओल लागलेल्या एखाद्या थप्पीत भरपूर असते, शेजारच्या पोत्यात काहीच नसते, त्यामुळे एका नमुन्याचा चांगला अहवाल फार थोडे सांगतो. दुभत्या गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ पैकी साधारण १ ते ६ टक्के भाग एम१ या रूपात दुधात उतरतो. खाल्ल्यावर दिवसभरातच तो दुधात दिसू लागतो, खाद्य बदलले की काही दिवसांत ओसरतो, पण दूध उकळून जात नाही. म्हणूनच युरोपीय संघात कच्च्या मालासाठी बी१ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम असताना दुभत्या जनावरांच्या मिश्र खाद्यासाठी ती ५ आहे.

खाणारे जनावर कोण, यावर जोखीम ठरते. दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांच्या खाद्यात किलोमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत तांबे युरोपात चालते. मेंढीसाठी मर्यादा १५ आहे, कारण तिच्या यकृतात तांबे साठत जाते आणि ती दगावते. ब्रॉयलर कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगापासून वाचवणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याला अगदी थोड्या मात्रेत मारक ठरते. कारखान्यात मात्र मिक्सर, एलिव्हेटर आणि गोळ्या पाडणारे यंत्र बहुधा एकच असते. आधीच्या बॅचचा थोडा माल कोपऱ्यांत राहतो आणि पुढच्या बॅचमध्ये जातो. यावर उपाय साधे आहेत: औषधी खाद्यानंतर मका किंवा कोंडा फिरवून यंत्र धुऊन काढायचे, त्यानंतर त्याच प्रकारच्या जनावराचे खाद्य घ्यायचे, घोड्याचे खाद्य त्या यंत्रावर मुळीच करायचे नाही, आणि बॅचचा क्रम लिहून ठेवायचा. तरी जे राहून जाते त्याची मर्यादा २००९च्या युरोपीय निर्देशाने ठरवली. कॉक्सिडिओसिसच्या औषधांसाठी ती परवानगीच्या मात्रेच्या ३ टक्के, तर नाजूक जनावरांच्या खाद्यात १ टक्का आहे. अशा कारखान्यात निरीक्षकाने सर्वांत आधी मागावी ती ही क्रमाची वही.

कागदावरची बंदी किती अपुरी पडते, याचा सर्वांत जबर धडा ब्रिटनला मिळाला. १९८६ साली तिथे गाईंमधील मेंदूचा रोग, बीएसई, ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी पुन्हा गुरांनाच खाऊ घातल्याने तो पसरत होता. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ती देण्यावर बंदी आली, तरी त्यानंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गुरांना रोग झालाच. डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालू होती आणि त्याच कारखान्यांतून ती गुरांच्या खाद्यात मिसळत होती. बाधित मेंदूचा एक ग्रॅमहून कमी अंशही वासराला पुरेसा ठरतो. मार्च १९९६ मध्ये माणसांतील नव्या आजाराशी याचा संबंध जाहीर झाला, आणि मग सर्वच पाळीव पशूंच्या खाद्यातून सस्तन प्राण्यांची ही भुकटी हटवली गेली.

आजची युरोपीय चौकट २००२चा सर्वसाधारण अन्न कायदा आणि २००६ पासून लागू असलेला पशुखाद्य स्वच्छतेचा नियम यांवर उभी आहे. प्रत्येक व्यावसायिकाची नोंदणी होते, जास्त धोक्याच्या कामांना पूर्वमान्यता लागते, आणि तपासणी किती वेळा करायची हे जोखीम व आधीचे वर्तन पाहून ठरते. अमेरिकेत २०११च्या अन्नसुरक्षा कायद्याने जास्त धोक्याच्या कारखान्याची तपासणी निदान तीन वर्षांतून एकदा आणि इतरांची पाच वर्षांतून एकदा अशी किमान मर्यादा घातली. पशुखाद्यासाठीचे प्रतिबंधक नियम २०१५ मध्ये आले.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे उत्पादकाच्या स्वतःच्या चाचण्या. २०१०च्या अखेरीस जर्मनीत उद्योगासाठीची चरबी पशुखाद्यात मिसळल्याचे आणि तीत डायॉक्सिन हे विषारी रसायन असल्याचे उघड झाले. ४,७०० हून अधिक शेतांवरच्या मालाची विक्री तात्पुरती थांबवावी लागली. एका खाजगी चाचणीत जादा डायॉक्सिन त्याच वर्षी मार्चमध्येच दिसले होते, पण तो अहवाल यंत्रणेपर्यंत गेला नव्हता. २०१२ मध्ये नियम बदलला: चरबीवर प्रक्रिया करणाऱ्यांना मान्यता सक्तीची झाली आणि मर्यादा ओलांडणारा निकाल प्रयोगशाळेने थेट सरकारी यंत्रणेलाही कळवायचा असे ठरले. ही सुधारणा नसती तर उत्पादकाच्या स्वतःच्या तपासणीवर टाकलेला विश्वास पोकळच राहिला असता.

भारतात २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. त्यामुळे मोजमाप बरेचसे दुधाकडून होते: एम१ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. २०१८च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणातील ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांत ती ओलांडलेली आढळली, आणि त्याचे मूळ चाऱ्या-खाद्यात आहे. गुरांच्या मिश्र खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २०५२ हे मानक आहे. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर बंद करण्यात आला, खाद्यातील पूरक म्हणूनही.

महाराष्ट्रातील लहान दूध उत्पादक सरकी पेंड (विदर्भातली ढेप), मक्याचा भरडा, चुनी आणि कोंडा घरीच मिसळून घालतो, तेव्हा कारखान्याला लावलेले कोणतेही मानक त्या घमेल्यापर्यंत जात नाही. दूध नाकारले गेले तर तोटा त्याचा, आणि सुटी विकत घेतलेली पेंड कोणत्या गोदामातली होती याची नोंद बहुधा नसते. इथे जोखमीचा विचार तेलगिरण्या, पेंडीचे घाऊक व्यापारी आणि पावसाळ्यात ओल धरणारी गोदामे यांच्यापासून सुरू करावा लागतो.