जुन्या गाडीच्या पोटाखालचा इतिहास

पुण्यात जुनी गाडी नव्याने बांधायला काढली की बोलणं रंग, सीट आणि अलॉय व्हील्सपासून सुरू होतं. गाडी रॅम्पवर चढली की मग खरे प्रश्न येतात. पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) ठेवायचे की कॉइल म्हणजे गुंडाळीच्या स्प्रिंग बसवायच्या? स्टिअरिंग बॉक्स दुरुस्त करायचा की एखाद्या नव्या गाडीचा रॅक (चाकं वळवणारा सरळ दातेरी दांडा) टाकायचा? इंजिन मोठं बसवलं तर मागच्या ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं) हाउजिंग म्हणजे कवच टिकेल का? हे प्रश्न बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांना विचारले जातात. एक पाटेवाल्याला, दुसरा मेकॅनिकला, तिसरा टर्नरला. माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. मोटारीच्या इतिहासात या गोष्टी सुट्या सुट्या बदलल्याच नाहीत. एक बदलली की दुसरीला तिच्यामागे जावं लागलं. त्या क्रमाची थोडी ओळख असली तर निवड बरीच सोपी होते.

पाटे मोटारीपेक्षा जुने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. मोटार आली तेव्हा ते हाताशी तयार होते. पाट्यांना आज मागासलेलं समजतात, पण ते एकटे किती कामं करतात हे बघायला हवं. ते वजन पेलतात, ॲक्सल जागच्या जागी धरतात, इंजिनाने दिलेला पीळ सोसतात, आणि पानं एकमेकांवर घासली गेल्याने धक्काही थोडा जिरवतात. कॉइल स्प्रिंग यातलं फक्त पहिलं काम करते. म्हणून मागचे पाटे काढून कॉइल बसवायची तर ॲक्सल पुढेमागे धरायला लांब दांडे लागतात, आडवं सरकू नये म्हणून आणखी एक दांडा लागतो, आणि ते सगळं जिथे वेल्ड होणार ती जागा मुळात त्या भारासाठी बनवलेली नसते.

स्टिअरिंगची भूमितीही घोडागाडीच्याच काळातली. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने ती शोधली आणि लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली तिचं पेटंट घेतलं. वळणात आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जास्त वळलं पाहिजे. त्यासाठी चाकांकडचे स्टिअरिंग आर्म किंचित तिरके ठेवतात. टाय रॉड (दोन्ही चाकांचे आर्म जोडणारा दांडा) ॲक्सलच्या मागे असेल तर ते आत झुकलेले असतात. दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही रॅक बसवताना आडवी येते. मूळ टाय रॉड मागे असताना जागा मिळाली म्हणून रॅक ॲक्सलच्या पुढे बसवला आणि आर्म उलटे करून पुढे घेतले, तर हा हिशेब उलटा होतो. गाडी वळते, पण पार्किंगमध्ये पुढची चाकं रस्त्यावर घासत फिरतात आणि टायरच्या कडा झिजतात.

खरी उलथापालथ १९३० च्या दशकात झाली. तोवर बहुतेक गाड्यांत पुढेही एकसंध ॲक्सल असे. एक चाक खड्ड्यातून वर उचललं की अख्खा ॲक्सल तिरका होतो, फिरत्या चाकाचा जायरोस्कोपसारखा जोर लागतो आणि दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडू लागतात. स्प्रिंग मऊ केल्या की ही फडफड वाढायची, म्हणून पुढचे पाटे कडक ठेवणं भागच होतं. १९३३ मध्ये मर्सिडीज-बेंझने ३८० या गाडीत पुढच्या दोन चाकांना वेगवेगळे विशबोन (चाक धरणारे, वरखाली हलणारे इंग्रजी ए-सारखे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग दिल्या. १९३४ मध्ये मॉरिस ओली यांच्या कामातून जनरल मोटर्सच्या गाड्यांतही पुढची चाकं स्वतंत्र झाली. पण चाकं स्वतंत्र होताच दोघांना जोडणारा एकसंध टाय रॉड चालेना. तो तुकड्यांत करावा लागला, आणि प्रत्येक तुकडा विशबोनच्या चालीशी जुळेल एवढ्याच लांबीचा ठेवावा लागला. सस्पेन्शन बदललं म्हणून स्टिअरिंग बदललं, ते असं.

अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी (जुन्या गाड्या वेगासाठी नव्याने बांधणाऱ्यांनी) हाच धडा वेगळ्या वाटेने गिरवला. १९३२ च्या फोर्डला व्ही-८ इंजिन होतं, पण खाली आडवा पाटा आणि एकसंध ॲक्सल, आणि फोर्डने ते थेट १९४८ पर्यंत ठेवलं. कॅलिफोर्नियातली मुलं पुढचा ॲक्सल टोकांजवळ तापवून वाकवत, मधला भाग खाली घेत आणि गाडी जमिनीलगत आणत. नंतर इंजिनं वाढत गेली आणि मागचे ॲक्सल मोडू लागले, तेव्हा १९५७ साली आलेला फोर्डचा नऊ इंची ॲक्सल त्यांनी उचलला. त्याचा क्राउन-पिनियनचा (इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांचा) गोळा पुढून अखंड बाहेर निघतो, आणि पिनियनला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार मिळतो. पुढच्या बाजूसाठी १९७४ च्या मस्टँग-दोनचं सस्पेन्शन आवडतं झालं. त्यात विशबोन आणि रॅक एकाच मापात, एकमेकांसाठीच बनवलेले होते. लोकांनी नुसता रॅक उचलला नाही, पुढचा अख्खा संच उचलला. इथल्या गॅरेजांनी अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर ते हे घ्यावं.

आता आपल्याकडच्या गाड्या. पुण्यात बांधायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत फियाट-पद्मिनी, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि जीप हमखास दिसतात, आणि चारही चार घराण्यांतल्या आहेत. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंतच्या ११०० च्या पिढ्यांत पुढे विशबोन-कॉइल, मागे पाटे, आणि स्टिअरिंगला वर्म-रोलरचा बॉक्स. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, पण खालचा सांगाडा पन्नाशीच्या दशकातल्या इटलीचा, १०८९ सीसीच्या इंजिनाला आणि अरुंद, जुन्या धाटणीच्या क्रॉसप्लाय टायरला शोभणारा. अँबेसेडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मुळातच रॅक अँड पिनियन. अँबेसेडरला रॅक बसवून द्या म्हणणारे भेटतात; तो तिला पहिल्यापासून आहे, चांगला आहे, आणि बहुतेक वेळा त्याला फक्त बुश आणि टाय रॉड एंड हवे असतात. टॉर्शन बारची उंची लिव्हरवरून लावता येते, त्यामुळे पुढून बसलेली अँबेसेडर उचलायला नवीन स्प्रिंग लागतेच असं नाही.

हेराल्डचं प्रकरण वेगळं. पुढे विशबोन आणि रॅक, वळण इतकं छोटं की साडेसात मीटरच्या आसपासच्या वर्तुळात गाडी फिरते. पेठांच्या गल्ल्यांसाठी याहून चांगलं काही नाही. पण मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे मधोमध सांधलेला, दोन्ही बाजू वेगवेगळ्या झुलणारा. जोरात वळताना मागचं चाक पोटाखाली दुमडू पाहतं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने पुढे गॅझेलमध्ये मागचा सरळ ॲक्सल दिला. म्हणजे हेराल्डच्या मागच्या बाजूचं उत्तर त्याच कारखान्याने दिलेलं आहे. ते मिळत असेल तर दुसरीकडे शोधू नये.

आणि जीप. महिंद्रने १९४० च्या दशकाअखेर तिची जुळणी सुरू केली. तिला दोन्हीकडे पाटे आणि दोन्हीकडे एकसंध ॲक्सल. ज्या फडफडीमुळे १९३० च्या दशकात गाड्यांनी पुढचा ॲक्सल सोडला, ती जीपमध्ये अजून जिवंत आहे. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) टाकून जीप उंच करणारे पुष्कळ. तसं केल्याने ॲक्सल फिरतो, कॅस्टर (किंग पिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचा, मागे झुकण्याचा कोन) बिघडतो, आणि किंग पिनची बेअरिंगं आधीच सैल असली तर ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग हातात नाचू लागतं. आधी बेअरिंग, मग कॅस्टर, मग उंची, हा क्रम मोडू नये.

पुण्याचा या सगळ्याशी संबंध फक्त हौसेचा नाही. १९६० च्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स) इथे आली, मुंढव्यात भारत फोर्ज उभी राहिली, १९६६ मध्ये एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था स्थापन झाली. जड वाहनांचे पुढचे ॲक्सल बीम या शहरात घडवले जातात. त्यामुळे लेथवर अचूक बुश काढून देणारा, घडवलेल्या आणि ओतलेल्या लोखंडातला फरक हातात घेऊन सांगणारा माणूस भोसरीत मिळतो. सुटे भाग नाना पेठेत शोधायचे आणि बंद झालेल्या गाड्यांचे बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. तिथे पाटा घेताना पानांची टोकं बघावीत. खालच्या पानाचं टोक वरच्या पानात घासून खाच पाडतं. त्या खाचेवर नख अडकलं तर तो पाटा ठोकून कमान आणली तरी तिथूनच तुटणार.

रस्ताही बदलला. जुन्या घाटरस्त्याने खंडाळ्याला चढताना पद्मिनीला फारसा वेग लागत नसे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर मोटारींची ताशी शंभरची वाहतूक असते आणि गाडीवर आता रेडियल टायर असतात. रेडियलची पकड जास्त, त्यामुळे विशबोनच्या बुशांवर आणि माउंटिंगवर भार जास्त, आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड. त्यात रुंद, चुकीच्या ऑफसेटची (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते त्या मापाची) व्हील्स बसवली की चाक बाहेर सरकतं आणि प्रत्येक खड्डा थेट हाताला कळतो. स्टिअरिंग जड झालं म्हणून रॅक शोधणाऱ्यांनी आधी व्हील्स तपासावीत.

रॅक बसवलाच तर तो नीट बसलाय का हे गॅरेजमध्येच कळतं. एका बाजूची कॉइल स्प्रिंग काढायची, खालच्या आर्मखाली जॅक लावायचा, हबवर (चाक जिथे आवळलं जातं तिथे) सरळ फळी आवळायची आणि फळीची पुढची व मागची कड एका स्थिर खुणेपासून मोजायची. मग जॅकने चाक थोडं थोडं उचलत पुन्हा पुन्हा मोजायचं. दोन्ही मापं जवळपास सारखी राहिली तर ठीक. पुढची कड बाहेर जाऊ लागली, तर रस्त्यावर उंचवटा आला की चाक स्वतःच वळणार, चालकाने स्टिअरिंग हलवलेलं नसताना. रॅकची रुंदी विशबोनच्या आतल्या बिजागऱ्यांशी जुळत नसेल तर हे होणारच, आणि अलाइनमेंटच्या दुकानात ते दुरुस्त होत नाही.

म्हणूनच मला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा मार्ग जास्त पटतो. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) मोटर असलेली अशी यंत्रणा आणली. आपल्याकडच्या छोट्या मारुतींतून तो कॉलम सहज मिळतो. मोटर डॅशबोर्डखाली बसते, बॉक्स आणि टाय रॉड आहेत तिथेच राहतात, भूमितीला हात लागत नाही. काळजी एकच: त्या यंत्रणेला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो. तो न मिळाल्यास ती ठरावीक मदतच देत राहते आणि द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग नको इतकं हलकं लागू शकतं.

मागच्या ॲक्सलचा निर्णय इंजिनावर सोडावा. मूळ इंजिन राहणार असेल तर मूळ हाउजिंग, नवी बेअरिंगं आणि सील पुरेत. इंजिन मोठं झालं की पीळ वाढतो, पाटे इंग्रजी एसच्या आकारात वळतात आणि गाडी सुटताना मागे धडधड होते. मग ॲक्सल, पाट्यांना आधार देणारे दांडे आणि ब्रेक हे तिन्ही एकदम बदलावे लागतात.

शेवटी कायदा, कारण तो आता निवडीचाच भाग झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्यानंतर जुलै २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी व्हीए मालिकेचा वेगळा क्रमांक आणला. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत. चासी कापून नवा पुढचा संच वेल्ड केला की ही वाट बंद. त्यामुळे पद्मिनी बांधायला घेणाऱ्याला मी सांगतो की बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल तेवढंच करा, आणि काढलेला स्टिअरिंग बॉक्स, पाटे, शॅकल, अगदी यू-बोल्टसुद्धा ग्रीस लावून, खुणेची चिठ्ठी बांधून घरी ठेवा.