गोकर्णाचं बी आणि नेलकटर

समोरच्या वहिनींनी मृगाचा पाऊस पडल्यावर कुंडीत गोकर्णाच्या सात बिया टोचल्या. रोज न चुकता तांब्याभर पाणी घातलं. तीन आठवड्यांत दोनच उगवल्या. कुंडी उकरली तर उरलेल्या पाच जशाच्या तशा, टणक आणि तुकतुकीत. "बी खोटं निघालं हो," वहिनी म्हणाल्या. पण बी खोटं नव्हतं, कोरडं होतं. ओल्या मातीत तीन आठवडे राहूनही पाण्याचा थेंब आत गेला नव्हता.

गोकर्ण शेंगवर्गातलं. या कुळातल्या बऱ्याच बियांच्या सालीत उभ्या पेशींचा घट्ट थर असतो आणि त्यातून पाणी शिरत नाही. पहिल्याच पावसाला सगळ्या बिया उगवल्या आणि पुढे खंड पडला, तर सारी पिढी जळून जाईल. म्हणून काही लगेच उगवतात, काही थांबतात. बाभळीचंही असंच. शेळ्या शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून निघालेलं बी चटकन रुजतं, म्हणून रोपवाटिकावाले ते शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करतात.

आमच्याकडे शेळी नव्हती, नेलकटर होतं. बीला शेंगेशी जोडणारा जो डोळा असतो, तो सोडून मागच्या बाजूची साल टिचभर कापली. आतला पांढुरका गर दिसला की थांबायचं. पॉलिश पेपरवर घासलं तरी चालतं. रात्री वाटीभर पाण्यात टाकल्या, सकाळी पाचही टम्म फुगलेल्या. पाचव्या दिवशी मातीला भेग पडली आणि वाकलेली पांढरी मान वर आली.

पाणी आत गेल्यावर काय होतं, ते नवरात्रातल्या घटात नीट समजतं. घटाभोवती पेरलेल्या गव्हाचा किंवा ज्वारीचा कोंब भिजल्यावर जिबरेलीन नावाचं संप्रेरक सोडतो. ते दाण्याच्या सालीखालच्या थराला जागं करतं, तिथून विकर (एन्झाइम) पाझरतात आणि पिठाची साखर होते. मोड आलेला दाणा चावून पाहा, गोड लागतो. आईने बांधून दिलेली शिदोरीच ती. त्या शिदोरीवर देवघराच्या अंधारातही धान वीतभर वाढतं. उजेड नसल्याने पिवळं राहतं, पण वाढतं.

तुळशीच्या बीकडे एवढी शिदोरी नसते. सुकलेली मंजिरी तळहातावर चोळा, मोहरीहूनही बारीक दाणे हाती लागतात. ते बोटभर खोल पुरले तर कोंब वर पोचण्याआधीच संपतो. ते मातीवर नुसते भुरभुरायचे आणि हलकेच दाबायचे. कित्येक बारीक बिया तर उजेड दिसल्याशिवाय हलतच नाहीत. अमेरिकेतल्या बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने दोन प्रकारचे लाल किरण टाकले. शेवटचा झोत साध्या लाल किरणांचा असेल तर बी उगवे, अतिलाल किरणांचा असेल तर निजून राही. झाडाच्या पानांतून गाळून आलेल्या उन्हात अतिलाल किरण जास्त असतात. म्हणजे डोक्यावर सावली आहे की मोकळं आभाळ, हे बीला मातीत पडल्यापडल्या कळतं!

आपल्या खान्देशात घात करते ती काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, कुंडीत मात्र पाणी धरून चिकट होते आणि वाळली की तडकते. रुजणारं बी श्वास घेतं, त्याला हवा लागते. चिखलात ते गुदमरतं, आणि उगवलंच तर बुरशीने बुडाशी कुजून रोप कोलमडतं. वहिनींच्या कुंडीत आता कोकोपीट, जाड वाळू आणि गांडूळखत आहे. पाणी तांब्याने नाही, स्प्रेने. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पेरूच नये. पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि गच्चीवरची कुंडी त्याहून तापते. मृगानंतर किंवा नवरात्र उलटल्यावर पेरावं.

परवा वहिनींनी मोबाइलवर मनी प्लांटच्या बियांचं पाकीट दाखवलं, मागवू का म्हणून. मी नको म्हटलं. मनी प्लांटला फुलंच जवळजवळ येत नाहीत, मग बी कुठून? अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली कारण शोधलं. जिबरेलीन बनवणाऱ्या त्याच्या एका जनुकाचं काम बिघडलेलं आहे. वरून जिबरेलीन फवारलं तेव्हा त्याला फुलं आली. घटातल्या दाण्याला जागं करणारं संप्रेरक तेच, फुलं आणणारंही तेच. त्याचा माग पहिल्यांदा लागला तो तैवानात. १९२६ साली कुरोसावा हे जपानी शास्त्रज्ञ तिथे भाताची रोपं अवाजवी उंच वाढवणाऱ्या बुरशीचा अभ्यास करत होते.

रावेर-यावलची केळीही बीवाचूनच वाढते, पण तिचं कारण वेगळं. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. म्हणून कंद लावतात, नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं.

वहिनींना मी आमच्या मनी प्लांटचा पेर असलेला तुकडा दिला. तो आता त्यांच्या खिडकीत बाटलीतल्या पाण्यात आहे, आणि पेराला दोन तपकिरी मुळ्या फुटल्या आहेत.