बंदोबस्ताचा थकवा वेगळा, पंचनाम्याचा आघात वेगळा

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त उरकून बूट काढतात न काढतात, तोच लातूर-उस्मानाबादचे पोलीस ढिगाऱ्यातून प्रेतं काढायला गेले. आमचे मामा त्यांच्यातलेच. विसर्जनानं त्यांना दिला तो थकवा, किल्लारीनं दिला तो आघात. पण नोकरीभर दोन्हीला नाव एकच, 'टेन्शन', आणि औषधही एकच: "आठ दिवस रजा टाका, रानात हिंडून या."

थकव्याबद्दल पोलिसाच्या घरी काय सांगायचं? बारा-बारा तास ड्युटी, ऐनवेळी रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी, मोर्चा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. हे टोकाला गेलं की 'बर्नआउट'. तो आजार नव्हे, कामातून उपजणारी अवस्था आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. ओझं उतरवा, माणूस सावरतो. एवढं पुरे.

घोळ पुढे आहे. थकलेला असो की आघात बसलेला, झोप दोघांचीही उडते, चिडचिड दोघंही करतात, बाटलीही दोघंही जवळ करतात. लक्षणांची यादी घेऊन ओळखायला बसलात तर फसाल. रजेत काय होतं ते बघा. थकलेला गडी दोन दिवस घोरतो आणि तिसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन तुळजापूरला जातो. आघात बसलेल्याचं उलटं. ठाण्यात वायरलेस खरखरत असतो, तक्रारदार बसलेले असतात, तोवर तो धड असतो. घर शांत झालं की आतलं सुरू होतं. मामा माळवदाखाली झोपत नसत. डिसेंबरातही बाज अंगणात. मामी पाहुण्यांना सांगायची, "यांना उकडतं." उमरग्याला जायचं तर किल्लारी टाळून फेरा मारायचे. निवृत्तीनंतर तर कायमचीच रजा मिळाली. बाज अंगणातच राहिली.

आणि किल्लारी एकदाच झाली. शेतकरी आत्महत्येची 'एडी', म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, मात्र बीट हवालदाराकडे येतच राहते. पंच गोळा करायचे, प्रेत शवविच्छेदनाला न्यायचं, बाईचा जबाब लिहायचा. अशा माणसाला 'रानात हिंडून ये' म्हणणाऱ्याला मला एकदा विचारायचंय, बाबा, त्यानं पंचनामे केले कुठं?

"पण त्याच्यावर कुठं काय बेतलं होतं?" हा दुसरा लाडका प्रश्न. बेतावं लागत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची निदान-पुस्तिका, डीएसएम-५, सरळ सांगते की कामाचा भाग म्हणून भीषण घटनांचे तपशील वारंवार समोर येणं, हेही आघातोत्तर विकाराचं (पीटीएसडी) कारण ठरू शकतं. म्हणजे पोक्सोच्या, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात लेकराची साक्ष शब्दन् शब्द टंकणारी कोर्टातली स्टेनोही त्यात आली. तिला कुणी मोजत नाही, कारण तिच्या अंगावर वर्दी नाही. (टीव्हीवर बातमी बघून 'मला ट्रॉमा झाला' म्हणणारे त्यात येत नाहीत, तीच पुस्तिका तसंही सांगते.)

तणावमुक्ती शिबिरात टाळ्या वाजवत हसायला लावतात. थकलेल्याला तासभर बरं वाटत असेल, माझी हरकत नाही. पण घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून 'काय काय पाहिलं ते बोला' म्हणणं बंद करा. अशी एका बैठकीतली वदवणूक करू नये, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आघातावर प्रशिक्षित माणसाकडून, टप्प्याटप्प्यानं, त्या आठवणींवरच काम करणारे उपचार आहेत. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे गेलात तर "झोप येत नाही" एवढ्यावर थांबू नका, नाहीतर झोपेची गोळी घेऊन परत याल. काय पाहिलं ते सांगा, काय टाळता ते सांगा, आणि हा त्रास सुरू होऊन महिना उलटून गेलाय का तेही सांगा; आघातोत्तर विकाराचं निदान त्या महिन्यावर अडतं.